बंपरपुढचे नऊ फूट

ट्रक दारात आला तेव्हा जानकूबाबांनी आधी त्याचे पाय बघितले.

सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. जनावर घ्यायचं तर तोंड, दात, लोकर सगळं नंतर. आधी चारी पाय सारखे टेकतात का ते बघायचं, ही त्यांची रीत. त्याच रीतीनं त्यांनी त्या बारा टायरी धुडाभोवती फेरी घातली, काठीनं एकेक टायर ठोकला आणि मधल्या टायरापाशी येऊन थबकले. तो टायर जमिनीपासून चार बोटं वर लोंबकळत होता. पलीकडून वाकून बघितलं, तर तिकडचाही तसाच.

"गोकुळ," ते म्हणाले, "लंगडं जनावर गळ्यात मारलं रं तुझ्या."

गोकुळ त्यांचा मुलगा. केबिनच्या पायरीवर उभा राहून तो फोटो काढून घेत होता. "बाबा, ते तसंच आसतंय."

"तसंच कसं? मेंढरू पाय उचलून धरतं तवा खुरात काटा आसतोय."

"कंपनीनंच दिलंय तसं."

"का दिलंय?"

दुसऱ्यांच्या गाड्यांवर चौदा वर्षं काढली होती गोकुळनं, निमगाव साव्याचा कांदा पार दक्षिणेत नेऊन पोचवला होता. पण गाडी अशी का, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि त्यालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"मामा, गाडी रिकामी हाय म्हणून तो पाय वर घेतलाय," दारातून नंदा म्हणाली. नंदा गोकुळची बायको. सासऱ्यांना ती मामा म्हणायची, सासूला आत्या. "माल भरला की खाली सोडायचा, म्हणजे वजन सगळ्या टायरांवर वाटलं जातं. रिकाम्या गाडीला खाली ठेवला तर नुसताच घासतो, वळताना फरफटतो. हवेवर चालतं ते. बटण दाबलं की खाली, दाबलं की वर."

जानकूबाबांनी टायरावर हात ठेवून थोडा विचार केला. "म्हंजी वझं नसंल तवा पाय राखून ठिवायचा."

"हां, तसंच."

"मंग शाणं हाय जनावर."

"आन सुनंला कसं ठावं सगळं?" सारजाबाईंनी विचारलं. नंदाची सासू. तिच्या हातात काळ्या लोकरीचा गुंडा होता आणि चाती फिरतच होती. सूत काढायची ती लाकडी चाती बाईच्या हातून फक्त जेवताना सुटायची.

सुनेला ठाऊक होतं, कारण तिनं पुस्तक वाचलं होतं. गाडीची चॅसी बॉडी बांधायला गेली, तेव्हा गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक गोकुळनं घरी आणून टीव्हीमागं कोंबलं होतं. नंदानं ते चार दुपारी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तिचं माहेर आंबेगावातलं लोणी, शिक्षण मंचरला, बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. पण वाचण्याचं खरं कारण ते नव्हतं. पुस्तकातल्या 'इशारा' लिहिलेल्या चौकटी लोक उडवून पुढं जातात. नंदा आधी त्याच वाचायची. औषधाच्या खोक्यातली ती बारीक अक्षरांची घडीसुद्धा ती उलगडून वाचायची. लेक संस्कृती झाल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, तर जास्तच. शेततळ्याला जाळीचं कुंपण तिनंच भांडून घालून घेतलं होतं. बिबट्याच्या भीतीनं सहानंतर पोरीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. पोरीच्या पायात मुद्दाम जड घुंगरांचे पैंजण होते. शोभा गेली खड्ड्यात, पोर कुठं आहे ते कानाला कळलं पाहिजे.

घरात तिला भागूबाई म्हणत. तोंडावरच म्हणत.

पूजा पुढच्या शुक्रवारी ठरली. मधल्या आठ दिवसांत नंदानं गाडी अंगणातल्या अंगणात पार ओळखीची करून घेतली. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या होत्या. सारजाबाईंनी पहिल्याच दिवशी तिथं चादर वाळत घातली. गोकुळला त्या कापून काढायच्या होत्या, कारण कांद्याच्या गोण्यांवर दोर आवळताना हात अडतो. नंदा म्हणाली, त्या काढायच्या नाहीत. मोटारसायकलवाला घसरून पडला तर मागच्या टायराखाली जाऊ नये म्हणून आहेत त्या.

"वाघरच की मंग," जानकूबाबा म्हणाले. मेंढरं रात्री बसवतात त्याभोवती लावायच्या जाळीला त्यांच्यात वाघर म्हणतात. "ती बिबट्याला आत येऊ देत न्हाई, ही माणसाला आत जाऊ देत न्हाई. ऱ्हाऊ दे रं."

पट्ट्या राहिल्या. मग तिनं प्रेमचंदशेठच्या गाडी-सामानाच्या दुकानातून प्लास्टिकचे पिवळे बाण मागवले आणि चाकाच्या प्रत्येक नटावर एकेक बसवला. शेजारशेजारच्या दोन बाणांची टोकं एकमेकांकडं करायची. नट जरा जरी सैल फिरला तर बाणाचं तोंड फिरतं, लांबूनच कळतं. शेठचा मुलगा जिनेश स्वतः बाण द्यायला आला आणि हसत सुटला. "वहिनी, इतकी वर्षं दुकान चालवतोय आम्ही, हे मागणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच. गोंडे न्या, रेडियम न्या, घोड्याचे स्टिकर न्या!"

"गाडीला हळद लावली जणू," गोकुळ म्हणाला. "आता नवरा कुठनं आणायचा?"

"नवरा आहेच की. सकाळी उठून टाक्यांचं पाणी सोडत नाही तेवढं."

हे खरं होतं. गाडीच्या पोटाखाली हवेच्या टाक्या असतात. हवेत ओल असते, टाकीत तिचं पाणी साठतं आणि ब्रेकच्या नळ्या बिघडतात. म्हणून रोज सकाळी टाकीच्या बुडाशी लोंबणारी कडी ओढून ते सोडायचं, असं पुस्तकात होतं. गोकुळला कंटाळा. मग नंदाच रोज चुलीवर दूध ठेवून यायची, वाकून कडी ओढायची. फुस्स करून हवा यायची, तिच्याबरोबर गढूळ फवारा. संस्कृती हसून लोळायची. "आई, गाडी पादली!"

एकदा जानकूबाबांनी विचारलं, सगळीच हवा गेली तर? ब्रेक लागायचा न्हाई, गाडी सुटंल उतारानं.

"उलटं हाय, मामा. आपल्याला वाटतं हवा ब्रेक लावते. इथं हवा ब्रेक सोडवून धरते. आत दांडगी स्प्रिंग आहे, ती चाकं आवळून धरायलाच बसलेली. हवा तिला मागं रेटून ठेवते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जाम. मग कुणी किती का रेटेना."

"म्हंजी दम गेला की बसकन मारतंय."

"पळत सुटत न्हाई, एवढं बघा. दम गेला की जागच्या जागी पाय रोवून उभं ऱ्हातं."

पुस्तकातल्या सगळ्या गोष्टींत नंदाला ही सगळ्यात आवडली होती. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

आता आरशाचं. गाडीला दोन बाजूंना दोन मोठे आरसे होते, ते सगळ्यांना कळत होते. पण पुढच्या काचेच्या वर, डाव्या कोपऱ्यात, एका वाकड्या दांड्यावर अजून एक होता. छोटा, फुगीर, खाली तोंड केलेला. कपाळावर कुंकू लावायला वाकलेल्या बाईसारखा. मंगळवारी गोकुळ झोपला असताना नंदा केबिनमध्ये चढली. ड्रायव्हरच्या जागेवर बसली. खाली संस्कृती लाल झबल्यात.

"संस्कृती, गाडीच्या पुढं उभी रहा. बंपरला हात लाव."

"लावला."

समोरच्या काचेतून अंगण दिसत होतं, तुळस दिसत होती, गोठा दिसत होता. पोर दिसत नव्हती.

"हात वर कर."

"केला. दोन्ही केले."

नुसतं अंगण. खालून आवाज येतोय, घुंगरू वाजतायत आणि समोर काही नाही. मग तिनं मान वर करून त्या छोट्या आरशात बघितलं. तिथं लाल झबलं, दोन हात, विसकटलेल्या दोन वेण्या. सगळी पोर त्या फुगीर काचेत मावली होती.

तिनं पोरीला एकेक पाऊल मागं जायला सांगितलं. पावणेसहा फुटांवर वेण्या दिसल्या. मग खाली बसायला सांगितलं, तर पोर पुन्हा नाहीशी. बसलेली पोर काचेतून दिसायला नऊ फूट लागले. नंदानं टेपनं मोजलं आणि कबड्डीच्या मैदानाची उरलेली पांढरी फक्की आणून अंगणात आडवी रेघ मारली. संध्याकाळी तिनं गोकुळला रेघेअलीकडं बसवलं. आपण वर बसली आणि म्हणाली, "मला तुमी दिसत नाही."

"आज कळलं व्हय?" गोकुळ म्हणाला. पण उठून आला, स्वतः वर बसून बघितलं. "चौदा वर्षं त्या आरशात भांग पाडला मी," खाली उतरत म्हणाला.

तिला हवं होतं ते एवढंच, की पूजेत तो आरसा उघडा राहावा. शुक्रवारी पूजेला गाडीच्या चारी कोपऱ्यांच्या टायरांखाली लिंबं ठेवणार, पुढं नारळ फोडणार आणि मुहूर्ताला गाडी लिंबांवरून पुढं काढणार. नारळ फुटला की आळीतली पोरं खोबऱ्याच्या तुकड्यांवर झेप घेतात. कुठं? बंपरच्या खाली. कशी? बसून. दरवेळी. आजवर काही झालं नाही ते कुणीतरी ओरडलं म्हणून.

आणि त्याच आरशावर सारजाबाईंना गोंडा बांधायचा होता.

गोंडा म्हणजे दुकानातला नव्हे. घरात मेंढरं उरली होती अकरा. त्यातल्या एकुलत्या काळ्या मेंढीची लोकर, सारजाबाईंनी स्वतः काढलेलं सूत आणि त्याचा नारळाएवढा गच्च गोंडा. दीड महिना खपली होती बाई. "चेहरा बघाया दोन आरसे हायेत," ती म्हणाली. "ह्यो तिसरा वर कपाळावर, खाली मान घालून, ह्यो कशाला आसंल? नजर परतवाया. कंपनीलाबी कळतंय. त्याला नुसता काळा गोंडा पायजे, मंग झालं."

नंदानं सांगितलं. फक्कीची रेघ दाखवली. सारजाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू म्हणती तसंबी आसंल. मी म्हणते तसंबी आसंल की."

"आत्या, आरसा झाकला तर दिसणार कसं?"

"आजवर कुणाला दिसत व्हतं? गावात काय गाड्या न्हाईत का पोरं न्हाईत?"

बुधवारी गोकुळनं शब्द दिला, गोंडा आरशाला नाही, खाली बंपरला बांधू. गुरुवारी पुन्हा दिला.

शुक्रवारी सकाळी भैरवनाथाच्या देवळापुढच्या पटांगणात गाडी उभी होती. उसाची कांडी, झेंडूच्या माळा, पाट, तांब्या सगळं मांडलेलं. नंदा पूजेचं ताट घेऊन पोचली आणि आधी वर बघितलं. आरसा नव्हताच. त्याच्या जागी काळा गोंडा, त्यावर झेंडूचा हार आणि सगळं मिळून तांब्याच्या तारेनं सात वेढे देऊन आवळलेलं.

"अहो." तिनं केबिनपाशी जाऊन गोकुळला हाक मारली. "शब्द दिला होता ना?"

"आईनं पहाटं येऊन बांधलं. रडाया लागली. मी काय करू?" त्यानं आवाज बारीक केला. "पाच मिनटांचा प्रश्न हाय, नंदे. लिंबं चिरडली की काढतो."

"त्या पाच मिनटांतच तर प्रश्न हाय."

"लोकं बघतायत. ताट धर."

जिनेश घड्याळ बघत आला. "वहिनी, दहा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त. साडेदहाला राहुकाळ लागतोय, मग काही खरं नाही. आता इंजिनिअरिंग बाजूला ठेवा."

चार बाया हसल्या. सारजाबाईंनी पदर सावरत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमची भागूबाई पोळीला तेल लावतानाबी भाजंल म्हून तवा गार करती." मोठा हशा पिकला. नंदासुद्धा एरवी हसली असती.

ती हसली नाही. तिनं पोरं मोजायला सुरुवात केली होती.

गोकुळनं इंजिन चालू केलं. त्या घरघरीत पैंजण ऐकू येईनात. नंदानं मान वळवून संस्कृतीला शोधलं, तर ती शेजारच्या रत्नाच्या पोराबरोबर पाटाशी उभी, नजर नारळावर. आरती झाली. लिंबं ठेवली. जानकूबाबांनी नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि बंपरपुढच्या दगडावर हाणला. पाणी उडालं, खोबरं चारी दिशांना गेलं आणि पोरं सुटली.

"दोन मिनिटं!" जिनेश ओरडला. "गोकुळभाऊ, मी हात केला की सोडा!"

नंदाला संस्कृतीला उचलता आलं असतं. चार पावलांवर होती. पण मग रत्नाचं पोर? त्याच्या मागच्या दोघी बहिणी? आणि आज सगळ्यांना उचललं, तर दसऱ्याला, पुढच्या गाडीला, त्याच्या पुढच्या गाडीला कोण उचलणार? हे सगळं तिच्या मनात एवढ्या शब्दांत आलं नाही. तिनं फक्त ताट पाटावर ठेवलं, गाडीच्या कडेनं मागं गेली, नवी साडी गुडघ्यात खोचून डिझेलच्या टाकीमागं खाली बसली आणि हवेच्या दोन टाक्यांच्या दोन कड्या दोन हातांनी ओढल्या.

रोजचं ते फुस्स नव्हतं. टाक्या गच्च भरलेल्या. असा सुसाटा सुटला की देवळावरचे पारवे उडाले. धुळीचा लोट तिच्या तोंडावर आला. पोरं किंचाळत पळाली, बायांनी कानांवर हात ठेवले. "टायर फुटला! टायर फुटला!" नंदानं कड्या सोडल्या नाहीत. वर केबिनमध्ये हवा कमी झाल्याची शिट्टी वाजायला लागली. मग गाडीच्या पोटातून खट्ट असा आवाज आला, आणि तिला कळलं, स्प्रिंग सुटली.

जिनेशनं घड्याळाच्या धास्तीनं हात केला. गोकुळनं क्लच सोडला. गाडीनं एक आचका दिला, इंजिन गचकन बंद पडलं. लिंबं होती तशीच.

गोकुळ खाली उडी मारून धावत आला. मागून सारजाबाई, जिनेश, निम्मं गाव. नंदा टाकीखाली बसलेली, हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे, कपाळावर धूळ.

"हे काय केलंस?"

"हवा सोडली."

"सोड त्या कड्या!"

"न्हाई."

"नंदे, मुहूर्त चाललाय!"

"जाऊ दे."

"आगं ए बया," सारजाबाई ओरडली, "नव्या गाडीचा श्वास काढलास! देवाच्या दारात!"

"आत्या, गाडी रोवलीय. इथनं कुणाच्या अंगावर जात न्हाई, एवढंच केलंय." तिनं गोकुळकडं तोंड केलं. "अहो, माझं एक काम करा. वर जाऊन बसा. तुमच्या जागेवर. तिथनं बघून सांगा पुढं किती पोरं आहेत. बरोबर आकडा आला की मी कड्या सोडते, तुमच्या पाया पडते आणि पुन्हा जन्मात गाडीजवळ येत न्हाई."

"पोरं कवाच पळाली."

"मग सोपंय की. बघून सांगा."

पोरं पळाली होती हे खरं, पण खोबरं तिथंच पडलं होतं. गाडी बंद, मोठी माणसं सगळी मागं भांडणाला जमलेली. एकेक करून पोरं परत आली होती आणि बंपरखाली उकिडवी बसून धुळीतले तुकडे फुंकून तोंडात टाकत होती. संस्कृती बरोबर नंबरप्लेटच्या खाली. वाकलेल्या नंदाला टायरांमधून तिचं लाल झबलं दिसत होतं. गाडी रोवलेली होती, म्हणून जन्मात पहिल्यांदा तिनं लेकीला चाकापुढं बसू दिलं.

गोकुळ दात-ओठ खात वर चढला. दार धाडकन लावलं. लोक पुढं सरकले आणि त्यांना पोरं दिसली. एक बाई पोराला ओढायला धावली, तर जानकूबाबांनी काठी आडवी धरली. "थांब. गाडी मेलेली हाय. त्याला बोलू दे."

"सांगा!" खालून नंदा ओरडली.

वरनं आवाज आला, "कुणी न्हाई! मोकळं हाय!"

रत्नाच्या पोराला तेवढ्यात खोबऱ्याचा मोठा तुकडा सापडला. तो एकटाच खिदळला.

जानकूबाबा पुढं झाले. मेंढरं मोजताना मोजतात तसं काठीचं टोक एकेका डोक्यावरून फिरवत त्यांनी मोठ्यांदा मोजलं. "येक. दोन. तीन. च्यार." काठी सावकाश चालली होती. "पाच. सा." संस्कृतीवर ती जरा थांबली. "सात."

केबिनचं दार उघडलं. गोकुळ पायरीवर येऊन खाली वाकला, त्यानं बंपरपुढं बघितलं आणि तसाच पायरीवर बसून राहिला.

"मला खरंच कुणी दिसलं न्हाई, बाबा."

"ते कळलं समद्यांना."

नंदानं कड्या अजून धरल्याच होत्या. टाक्यांत आता काही उरलं नव्हतं, नुसता बारीक सुस्कारा. "आता गोंडा काढा," ती म्हणाली.

"माज्या हातानं बांधलाय," सारजाबाई म्हणाली. तिचा आवाज मघापेक्षा बारीक होता, पण मान ताठ होती. "त्याला कुणी हात लावायचा न्हाई."

"मग तुमीच सोडा, आत्या. न्हाईतर मी इथनं उठत न्हाई. हवा भरू देत न्हाई. दिवस मावळू दे, उद्याचा उगवू दे."

"सासूला धमकी देती व्हय गं?"

"हो."

ते 'हो' एवढं सरळ आलं की सारजाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. जानकूबाबा जमिनीकडं बघत म्हणाले, "कळप उठवताना पोटाखालची कोकरं तूच मोजायचीस ना गं? मी घाई केली की मला शिव्या द्यायचीस."

"तुमी सुनंचंच वढा."

"मी कोकरांचं वढतोय."

सारजाबाईंनी पदर कमरेला खोचला. बासष्ट वर्षांची बाई कुणाचाही हात न घेता बंपरवर चढली. तारेचे वेढे बोटांनी निघेनात तेव्हा दातांनी ओढले. गोंडा काखेत मारून खाली उतरली आणि बंपरच्या खालच्या, गाडी ओढायच्या हुकाला तो करकचून बांधला. बांधताना समोरची सात पोरं तिच्या अगदी नाकासमोर होती. तिनं संस्कृतीच्या पाठीत हलकीच चापट मारली. "ऊठ गं. माती खाती."

नंदानं कड्या सोडल्या आणि उभी राहिली. पायांना मुंग्या आल्या होत्या. गोकुळनं इंजिन लावलं. पण एवढ्यानं गाडी हलणार नव्हती. टाक्या भरायला वेळ लागतो, तोवर स्प्रिंग मागं रेटली जात नाही. डॅशबोर्डवरचा हवेचा काटा मुंगीच्या पावलानं चढत होता आणि अख्खं पटांगण त्याच्या नावानं ताटकळत उभं होतं. जिनेशनं घड्याळ बघितलं. "दहा बत्तीस. राहुकाळ लागला, वहिनी. तासदीड तास थांबायला हवं."

"कशाला थांबायचं?"

"अहो, राहुकाळात नवी गाडी..."

"आरसा झाकून मुहूर्तावर निघणार होती. आता आरसा उघडा आहे. निघू दे राहुकाळात."

लोकांत कुजबुज झाली. सारजाबाई गर्रकन वळली. "बरं. उद्या ह्या गाडीला काय झालं, पंक्चर झाला, आरसा फुटला, काय बी झालं, तर कुणाच्या माथी?"

"माझ्या."

"समद्या गावादेखत म्हणतीस?"

"सगळ्या गावादेखत. आणि हेही ऐकून ठेवा. गाडी रस्त्यावर कुठंबी जाऊ दे, तिथलं ड्रायव्हर बघंल. पण ह्या पटांगणातनं, आपल्या दारातनं, कुणाचीही गाडी पुढची पोरं मोजल्याबिगर हलली, तर मी पुन्हा येऊन हवा सोडीन. मला कड्या कुठं असतात ते माहीत आहे."

"हिला आता गावातली एकबी गाडी जवळ यिऊ द्यायची न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. मघाच्या हशासारखा नव्हता तो. नंदानं त्याच्याकडंही लक्ष दिलं नाही. पिशवीत तिनं फक्कीची पुडी आणली होती, सकाळपासून. कुणी ऐकेल असं वाटून नव्हे, सवयीनं. बंपरपासून नऊ पावलं, टाचेला अंगठा लावून, तिनं मोजली, तिचं पाऊल लहान म्हणून वर तीन जास्तीची टाकली, आणि आडवी पांढरी रेघ ओढली. मग पोरांना हाताला धरून एकेक करून तिच्यापलीकडं नेलं. रत्नाचं पोर रेघेच्या आत पाय टाकून बघत होतं. त्याला एक धपाटा मिळाला. ग्रीसची पाच बोटं त्याच्या सदऱ्यावर उमटली.

काटा हिरव्यात गेला. शिट्टी थांबली. पोटातून पुन्हा खट्ट झालं.

गोकुळनं मान वर करून आरशात बघितलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "रेघेअलीकडं येक माणूस हाय. बाबा, तुमीच हायत. बाजूला व्हा."

"दिसलो व्हय?" म्हणत जानकूबाबा रेघ ओलांडून पोरांत जाऊन उभे राहिले.

"जाऊ का?" गोकुळनं विचारलं. जिनेशला नाही, बापाला नाही.

सगळे नंदाकडं बघत होते, सारजाबाई तर डोळे वटारून. दहा सदतीस झाले होते. तिनं पहिल्यापासून पुन्हा मोजलं. लाल झबलं, दोघी बहिणी, ग्रीसचा सदरा, बाकीचे तीन. सात.

"जा," ती म्हणाली.

चारी लिंबं एकापाठोपाठ फुटली.